अपत्याची आस आणि अनियमित पाळी



ग्वाल्हेरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. तिचे माहेर वसईकडील. लग्नानंतर ती लष्कर भागातील दाल बाजाराजवळ राहावयास गेली. पती तेथेच एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहितात. लग्नास ३ वर्षे होत आली, परंतु घरात पाळणा हलला नाही. पाळी कधी ३५ दिवसांनी येते, तर कधी ५० दिवस उलटले तरी येत नाही. कोणी सांगितले म्हणून दोघांनी चौदाव्या दिवसाचा नियम पाळला, तोही व्यर्थ गेला. सासूबाई नवस बोलतात आणि शेजारणी टोमणे मारतात. दोष आपलाच काय, असे ती विचारते.

भगिनी, यात दोष कोणाचाच नाही. तुझ्याच लष्कराचा इतिहास पाहा. ती वसाहत ज्यांच्या छावणीतून वाढली, ते दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्यामागे पुत्र नव्हता. बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतले. जनकोजीही १८४३ मध्ये निपुत्रिक वारले आणि गादीवर पुन्हा दत्तकच आला. जे दुःख राजवाड्यालाही चुकले नाही, त्यासाठी गरिबाच्या सुनेने मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता चौदाव्या दिवसाविषयी. जपानचे डॉ. ओगिनो यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले की, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागील पाळीवरून नव्हे, तर पुढील पाळीवरून ठरतो. तो पुढील पाळीच्या साधारण १४ दिवस आधी येतो. म्हणजे चक्र २८ दिवसांचे असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, पण ४० दिवसांचे असेल तर सव्विसाव्या दिवसाच्या आसपास. जिची पुढील पाळी केव्हा येईल हेच ठाऊक नाही, तिला दिनदर्शिका काय सांगणार?

शेतकरी पेरणी करतो ती केवळ पंचांग पाहून नव्हे. तो जमिनीची ओल पाहतो. मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून या विषयाचा अभ्यास केला. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन याही त्यात सामील झाल्या. त्यांची शिकवण साधी आहे. बीज सुटण्याच्या सुमारास योनिमार्गातील स्राव पातळ, पारदर्शक, निसरडा आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा होतो. ते दिवस गर्भधारणेस अनुकूल होत. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, पण पुरुषबीज अशा स्रावात ५ दिवसांपर्यंत जगू शकते. म्हणून ओल दिसू लागताच पतिपत्नींनी एकत्र यावे. रोज रात्री वहीत दोन शब्द लिहून ठेवावेत : कोरडे, ओलसर, निसरडे किंवा रक्तस्राव.

तथापि केवळ वहीवर विसंबून राहू नये. काही स्त्रियांत निसरडा स्राव पुनःपुन्हा दिसतो आणि बीज मात्र सुटत नाही. चक्र नेहमी ३५ दिवसांहून लांब किंवा २१ दिवसांहून आखूड असेल, अथवा ३ महिने पाळीच आली नसेल, तर वर्षभर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. पाळी लांबली की प्रथम गर्भ राहिला आहे काय, हे तपासावे. अनियमिततेचे एक मोठे कारण म्हणजे बीजकोशाचा विकार, ज्याला आज पीसीओएस म्हणतात. याखेरीज थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिनची वाढ, फार स्थूलता किंवा फार कृशता हीही कारणे असतात. रक्ततपासणी व सोनोग्राफीने बहुधा उलगडा होतो. स्थूल स्त्रीचे वजन शंभरात ५ ते १० भागांनी उतरले तरी अनेकदा पाळी मार्गावर येते. बीज सुटण्यास साहाय्य करणाऱ्या गोळ्याही आहेत, मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आतापासून रोज घेण्याविषयी त्यांना विचारावे. ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याचे कमलाराजा रुग्णालय स्त्रिया व बालकांसाठीच आहे. तेथे जाण्यास संकोच कसला?

एक गोष्ट पतिराजांना. पत्नीची पाळी अनियमित आहे म्हणून आपली तपासणी नको, असे समजू नका. अपत्य न होण्याच्या कितीतरी प्रसंगी कारण पुरुषाकडे किंवा दोघांकडेही असते. वीर्याची तपासणी सोपी आहे, आणि तीत कमीपणा नाही.

सासूबाईंनाही विनंती. प्रार्थना अवश्य करा, परंतु सुनेला दवाखान्यात धाडण्यात आडकाठी करू नका. पुढच्या भेटीस ती एकटी न जाता पतीसह जावी, आणि तिच्या हाती ती वही असावी.