दिवाळखोरीचे दप्तर

कारखान्याचे दिवाळे वाजल्याची वार्ता कामगाराला बहुधा फाटकावरच्या कुलुपावरूनच कळते. वास्तविक २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतल्यावर एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. ती भिंगाखालीच वाचता येते, हा भाग निराळा! दाव्यांची मुदत चौदा दिवसांची. कामगारांतर्फे त्यांचा प्रतिनिधी एकत्र दावा करू शकतो, हे कित्येक युनियनांच्याही गावी नसते.

परंतु खरे दप्तर आहे ते धनकोंच्या यादीचे. दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने ते शोधता येते. मागितलेली रक्कम आणि मान्य झालेली रक्कम तेथे शेजारीशेजारी असतात. कामगारांच्या घामाचे किती पैसे कापले गेले, ते त्या दोन रकान्यांत दिसते. कंपनी मोडीत निघालीच, तर अखेरच्या २४ महिन्यांची मजुरी तारणदार बँकांच्या पंक्तीला बसते. त्याआधीची थकबाकी खाली ढकलली जाते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मात्र वाटपाच्या मालमत्तेत धरताच येत नाही. ती धरली गेली आहे काय, हे युनियनने प्रथम तपासावे आणि यादीची मराठी प्रत फाटकावर लावावी.