दोन डगरींवरचा गडी

दोन गोष्टी बऱ्या येणाऱ्या माणसाविषयी जगाला मुळातच संशय. डॉक्टर गायला लागला की गवई म्हणतात, ‘दवाखाना चालत नसेल’ आणि रोगी म्हणतात, ‘ह्याला नाडी बघायला वेळ कधी मिळतो?’ ही काही आपलीच मिरास नव्हे. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या पारख्यांनी हा संशय थेट शास्त्राच्या पदवीला नेऊन पोचवला आहे, आणि आज माझं भांडण त्यांच्याशी आहे.

मी बेसबॉलची बॅट कधी हातात धरलेली नाही. पण बॅट न धरता मत ठोकून देण्याची आपल्याकडे क्रिकेटमुळे थोर परंपरा आहे. लेकीकडे चार उन्हाळे काढले, तेव्हा ती परंपरा मी सोबत नेली, इतकंच.

तिकडे दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाचा वधूवरमेळावा भरतो. व्यावसायिक संघ पाळीपाळीनं कॉलेजातल्या आणि शाळेतल्या पोरांची नावं पुकारतात. ज्यानं नाव घेतलं त्याच्याशीच पोरानं बोलणी करायची. दुसरं स्थळ बघायचं नाही. फार तर नकार द्यावा. मेळाव्याआधी पारखी गावोगाव हिंडून पोरं ‘बघून’ येतात आणि गुण देतात. गुण २० ते ८०. शून्य नाही, शंभरही नाही. ५० म्हणजे वरच्या साखळीतला सर्वसाधारण खेळाडू. विषय पाच : चेंडूला बॅट लावणं, लांब मारणं, पळणं, अडवणं-झेलणं आणि फेकणं. प्रत्येक विषयाचे गुण दोनदा, एकदा आजचे आणि एकदा उद्याचे. उद्याचे गुण आजच देणारी परीक्षा आमच्या एस.एस.सी. बोर्डालाही सुचलेली नाही!

आता ह्या परीक्षेला असा पोरगा येतो, जो वसंतात बेसबॉल खेळतो आणि शरदात त्यांचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल. झालं! पारखी कपाळाला आठ्या घालतो आणि लिहितो, ‘कच्चा आहे.’ अहो, असणारच! निम्मं वर्ष तो दुसरीकडे असतो. कैरीला तुम्ही आंबा नाही म्हणून नापास करता का?

माझं म्हणणं साधं आहे. इथे प्रश्न तीन आहेत. पोरगा आज कसा खेळतो? उद्या कसा खेळेल? आणि तो येईल का? पारखी मंडळी तिन्ही प्रश्न एकाच पातेल्यात घालून खिचडी करतात. मग तिसऱ्याचं मीठ जास्त झालं, की पहिले दोन खारट लागतात.

उदाहरण घ्या. कायलर मरे. २०१७ साली ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी हजारात १२२ होती. म्हणजे चक्क काठावरसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तीच २९६ झाली, वर दहा होमरन. फुटबॉल सांभाळून एका वर्षात एवढी मजल मारणाऱ्या पोराच्या ‘उद्या’बद्दल आणखी काय पुरावा हवा? तेव्हा ओकलंडला असलेल्या अॅथलेटिक्स संघानं तो ओळखला आणि २०१८ मध्ये त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं. करार ४६ लाख ६० हजार डॉलरचा. मग त्यानं शरदात फुटबॉल असा गाजवला, की त्या खेळाचा सर्वोच्च कॉलेज-सन्मान, हाइझमन, मिळवला आणि २०१९ साली तो फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. बेसबॉल राहिला बाजूला. लगेच सगळे म्हणाले, ‘बघा, पारख चुकली!’ कुठं चुकली? पारख बरोबरच होती. चुकला तो तिसऱ्या प्रश्नाचा अंदाज. वधू सुगरण असूनही लग्न मोडतं. म्हणून काही पुरणपोळी बिघडत नाही.

उलटंही घडतं. १९८६ साली बो जॅक्सनला फुटबॉलवाल्यांनी सर्वांत आधी निवडलं होतं. हा काही येत नाही, असं धरून बेसबॉलवाल्यांनी त्याला चौथ्या फेरीपर्यंत राहू दिलं. कॅन्सस सिटीनं नाव घेतलं आणि गडी आला की! १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. शंका होती येण्याची, आणि कापला गेला क्रमांक.

टोनी ग्विनची गोष्ट तर मी तिकडे भेटेल त्याला ऐकवत असे. सॅन डिएगो स्टेटमध्ये तो बास्केटबॉल खेळायचा. १९८१ साली एकाच दिवशी बेसबॉलच्या आणि बास्केटबॉलच्या संघांनी त्याचं नाव घेतलं. बेसबॉलच्या यादीत त्याच्या आधी ५७ जण होते. पुढे त्यानं ३१४१ हिट्स मारल्या आणि आठ वेळा आपल्या लीगमधली सर्वोच्च सरासरी राखली. चेंडू आपटून आपटून मनगटं तयार झाली, असं तो स्वतःच सांगे. म्हणजे ज्याला पारखी उधळपट्टी म्हणतात, ती शिकवणी होती!

‘आणि मायकल जॉर्डन?’ असा प्रश्न येणारच. १९९४ साली दुय्यम साखळीत त्याची सरासरी २०२ होती, हे मलाही ठाऊक आहे. पण तो तिशी ओलांडून, कित्येक वर्षांनी बॅटकडे वळलेला माणूस. मी बोलतोय ते दोन्ही खेळ एकाच वेळी खेळणाऱ्या विशीतल्या पोरांबद्दल. ‘जॅक्सनचा खुबा फुटबॉलमध्येच गेला ना?’ हाही प्रश्न रास्त आहे. १९९१ च्या जानेवारीत गेला, आणि ती जोखीम खरीच आहे. संघानं ती पैशाच्या आकड्यात जरूर धरावी. जोखीम तिजोरीची, तिचे गुण पोराच्या मनगटातून का वजा करता?

हे सगळं मी इतक्या तावातावानं सांगतो, कारण पारख्याच्या वहीतला शेरा वहीत राहत नाही. तो बापांच्या कानावर जातो. मग आठ वर्षांच्या पोराला बाप सांगतो, ‘एक काहीतरी धर!’ आणि ते पोर बारा महिने चेंडूच फेकत बसतं. २०१६ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं बजावलं, की पंधरा-सोळा वर्षांचं होईपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका. अतिश्रमाच्या दुखापती होतात. डॉक्टरांचं कोण ऐकतो? ते काही ८० गुण देत नाहीत.

म्हणून पारख्यांना एक विनंती. तुमच्या पाच विषयांत सहावा घाला : ‘नवीन काही किती लवकर शिकतो?’ आणि ‘येईल का?’ हा प्रश्न पोराच्या प्रगतिपुस्तकातून काढून आपल्या खजिनदाराच्या टेबलावर ठेवा. डगरी दोन आहेत, हा काही पोराचा गुन्हा नव्हे. त्याचा तोल किती आहे तेवढं बघा आणि गुण द्या.