ऋण काढून वाढदिवस



ऋण काढून सण करू नये, असे आपल्या आज्या सांगत असत. सण म्हणजे त्यांच्या मनात गणेशचतुर्थी, दिवाळी, फार तर घरातले लग्नकार्य. मुलांच्या वाढदिवसासाठी कोणी कर्ज काढील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. आज वाक्वापासून कास्कावेलपर्यंत आपल्या समाजात तेच होत आहे, आणि त्याविषयी उघडपणे बोलायला आपण कचरतो.

पहिला आणि अठरावा, हे दोन वाढदिवस तर लग्नाच्या तोडीचे झाले आहेत. अंगणात साल-वेर उभारायचे, खुर्च्या भाड्याने आणायच्या, फुग्यांची कमान, गाणी लावणारा, फोटो काढणारा, तीन मजली केक, लहानांना उड्या मारण्यासाठी हवा भरलेला किल्ला, आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हाती खेळण्यांची पिशवी. मधल्या वर्षांच्या वाढदिवसांनाही यातले निम्मे तरी हवेच असते. एक वर्षाच्या बाळाला त्यातले काय कळते? ते बहुधा केक कापण्याआधीच आजीच्या खांद्यावर झोपी जाते. केकचेही असे आहे की वरचा मजला तेवढा खरा, खालचे दोन पुष्कळदा नुसते थर्माकोलचे, वरून साखर लावलेले.

ज्याची मिळकत मोठी आहे त्याने हौस करावी. त्याला नावे ठेवण्याचे आम्हांला कारण नाही. आमची चिंता वेगळ्या घरांची आहे. आपल्या देशात किमान मासिक वेतन २०१८ साली प्रथम लागू झाले तेव्हा ते ८,१४० रुपये होते. जानेवारी २०२४ मध्ये ते १६,५०० झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये १७,११०. आकडा दुपटीहून वाढला, पण बाजारही थांबून राहिला नाही. एकट्या २०२२ साली महागाई १०.८ टक्के होती, आणि त्याच वर्षी स्वयंपाकाच्या गॅसचा १२ किलोचा सिलिंडर १८० रुपयांवरून २४० वर गेला. सिलिंडर पुढे उतरला. बाकीचे भाव एकदा चढले की सहसा उतरत नाहीत. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून फुकट आहे, विद्यार्थ्यांचा बसप्रवास २००५ पासून फुकट आहे, तरी ट्यूशनचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजावेच लागतात. (हे एक शिक्षकच लिहीत आहे, याची आम्हांला जाणीव आहे.) अशा घरात एका दुपारच्या हौसेसाठी महिन्याच्या वेतनाचा मोठा भाग गेला, तर तो भरून कसा काढावा?

कर्ज आपल्याला नवे नाही. १८३४ नंतर मजूर म्हणून या बेटावर जे आले, त्यांना महिना पाच रुपये आणि शिधा मिळे. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पुढच्या पिढ्या कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराच्या उधारीवर जगल्या. ला बुतिकमधला तो 'कार्ने' आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. तांदूळ, डाळ, तेल, खारवलेली मासळी, साबणाची वडी, सारे त्या लहानशा वहीत तारखेवार मांडलेले असे. पगाराच्या दिवशी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवून बेरीज करून घेतली जाई. त्या वहीने कित्येक घरांना वर्षानुवर्षे बांधून ठेवले, हेही खरे. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण देणे किती, हे ती वही लपवीत नसे. आई, बाप, मुले, सर्वांना तो आकडा ठाऊक असे.

आजचे कर्ज एका वहीत मावत नाही. केक कार्डावर घेतला, पाहुण्यांसमोर घर चांगले दिसावे म्हणून सोफा हप्त्यांवर आणला, साल-वेरचे पैसे मेहुण्याकडून घेतले. तीन ठिकाणची देणी, आणि बेरीज कोणीच करीत नाही. समजा, वाढदिवसासाठी १२,००० रुपये कर्जाऊ घेतले आणि महिना १,१५० प्रमाणे बारा हप्त्यांत फेडले. दिले किती? १३,८००. म्हणजे १,८०० रुपये वर गेले. आणि शेवटचा हप्ता भरण्याच्या वेळी त्याच मुलाचा पुढचा वाढदिवस दाराशी येऊन उभा असतो.

उलट, मुलाच्या नावाचे एक पाकीट करून त्यात पगाराच्या दिवशी २५० रुपये टाकले, तर वर्षाला ३,००० जमतात. दोन मुले असतील तर महिना ५०० बाजूला काढावे लागतात. हे सर्वांना सोपे जाईल असे नाही, पण हप्त्याच्या १,१५० पेक्षा ते निश्चित हलके आहे. पाकिटात जेवढे असेल तेवढाच वाढदिवस. कमी असेल तर कमी.

तीन हजारांत काय होते, असे कोणी म्हणेल. आम्ही हा प्रश्न पाचवीच्या वर्गालाच घातला. सुपरमार्केटची भावपत्रके वाटली, पंधरा मुलांची पार्टी आणि ३,००० रुपये एवढे सांगितले, आणि गटागटाने हिशेब करायला लावले. पहिल्या खेपेस सर्वांचे पैसे केक आणि खेळण्यांच्या पिशव्यांतच संपले. खायला काही उरले नाही. दुसऱ्या खेपेस मुलांनी स्वतःच काट मारायला सुरुवात केली. पिशव्या गेल्या. विकतचे समोसे गेले, त्या जागी 'आई तळेल' असे लिहिले गेले. एका गटाने तर शंभर रुपये वाचवून ते बसायला न आलेल्या मुलांच्या वाट्यासाठी ठेवले. दहा वर्षांच्या मुलांना जे अर्ध्या तासात जमले, ते आपल्याला का जमू नये? मात्र एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, मोठ्यांच्या बाटल्या कुठे लिहायच्या?"

वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. मुलाच्या वाढदिवसाची खरी बेरीज केली तर पुष्कळ घरांत सर्वांत मोठी रक्कम व्हिस्की, बियर आणि त्यांच्याबरोबरच्या गाजाकची निघते. मुले सहा वाजता दमून झोपतात, बाटल्या अकरापर्यंत चालतात. हा वाढदिवस नेमका कोणाचा? ज्या बापांना मित्रांबरोबर बसायचे असेल त्यांनी दुसऱ्या शनिवारी आपल्या खिशातून बसावे. त्याला मुलाचे नाव देऊ नये. पार्टी दुपारी दोन ते पाच ठेवली आणि तसे निमंत्रणातच लिहिले, की निम्मा खर्च आपोआप गळून पडतो.

खाण्याचे म्हणाल, तर या बेटावर स्वस्त आणि रुचकर पदार्थांची वाण नाही. अर्धा किलो डाळ रात्री भिजवून सकाळी जाडसर वाटली तर चाळीसेक गातो-पिमा होतात. लहानांसाठी मिरची काढून कांद्याची पात वाढवावी. मक्याच्या रव्याची पुदिन-माई दूध, साखर, मनुका घालून आदल्या रात्री थाळीत थापली की सकाळी वड्या पडतात. कोबी-गाजर घातलेले मीन एका मोठ्या कढईत सर्वांना पुरते. दूध, आगर-आगर आणि भिजवलेला सब्जा घालून केलेला आलुदा समोर असला की बाटलीतल्या रंगीत पाण्याची आठवण मुलांना होत नाही. केक घरी भाजावा. तो थोडा वाकडा झाला तरी मुले तो संपवितात, आणि थर्माकोल उरत नाही.

जागेसाठी भाडे कशाला? फ्लिक-आं-फ्लाकला फिलावच्या सावलीत आपण एरवी भांडी घेऊन जातोच. गोणपाटाची शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच, वाऱ्याच्या महिन्यांत पतंग, एवढ्यावर पंधरा मुले तीन तास रमतात. शर्यतीचा पंच म्हणून घरातल्या आजोबांना उभे करावे. फुकट मिळणारा आणि सर्वांना मान्य असा पंच दुसरा नाही.

आणि भांडी, हात, खुर्च्या? गणेशचतुर्थीला आपण शंभर-दीडशे माणसांना केळीच्या पानावर जेवू घालतो. आदल्या रात्री शेजारच्या बायका भाजी चिरायला बसतात, कोणाची देग येते, कोणाची परात येते, मोदक वळायला मुलींना बसविले जाते. भाड्याचा आचारी कोणी बोलावीत नाही आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. त्याच शेजारणीला मुलाच्या वाढदिवशी मात्र आपण पाहुणी म्हणून खुर्चीवर बसवितो. प्रत्येक गावच्या मंडळीने आपली भांडी आणि सतरंज्या वाढदिवसांसाठीही विनामूल्य द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. वापरून झाल्यावर घासून परत करण्याची अट तेवढी असावी.

भेटवस्तूंविषयी जरा अधिक लिहिले पाहिजे, कारण त्याचा त्रास पाहुण्यांच्या घरालाही होतो. एका सोमवारी आमच्या वर्गातली मुले रविवारच्या पार्टीविषयी बोलत होती आणि एक मुलगी मान खाली घालून वहीवर रेघोट्या ओढीत होती. तिला निमंत्रण होते. ती आजारी नव्हती. पोरगी रिकाम्या हाताने कशी पाठवावी म्हणून आईने पाठविलीच नाही. निमंत्रण देताना 'भेट आणू नये' एवढे तीन शब्द लिहिले असते, तर ती त्या दिवशी इतरांबरोबर खेळली असती. मुलांना भेटीवाचून चैन पडत नसेल, तर पाहुण्या मुलांनी मिळून एक पुस्तक द्यावे आणि त्यावर सर्वांनी आपापली नावे लिहावीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कायद्याप्रमाणे वर्षअखेरच्या बोनसचा ७५ टक्के भाग २५ डिसेंबरच्या निदान पाच कामाचे दिवस आधी हाती येतो आणि उरलेला वर्ष संपण्याआधी. तो आला की हात सैल सुटतो. पण जानेवारीत शाळा उघडते. गणवेश, बूट, वह्या, दप्तर, सारे एकाच आठवड्यात घ्यावे लागते. म्हणून बोनसला वाढदिवसाचा हात लागू देऊ नये. ज्यांची मुले डिसेंबर-जानेवारीत जन्मली आहेत त्यांची अडचण सर्वांत मोठी. आमच्या ओळखीच्या एका घरात जानेवारीत जन्मलेल्या मुलीची पार्टी एप्रिलच्या सुटीत करतात. खऱ्या वाढदिवशी देवापुढे दिवा लावून तिला ओवाळतात आणि खीर करतात. मुलीची त्याविषयी काही तक्रार नाही. उलट, वर्षातून दोनदा वाढदिवस येतो म्हणून ती वर्गात मिरवीत असते.