त्याच दरीतली धून

दिवाळी अंकात फराळाच्या शेजारी व्हिस्कीचा विषय पाहून घरातील वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण पुरणपोळीवर तूप आणि थालिपीठावर लोणी, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. जो पदार्थ ज्या मातीतला, त्याचा जोडीदारही बहुधा तिथलाच असतो. निव्वळ मोड आणलेल्या बार्लीपासून एकाच भट्टीत गाळलेल्या आणि निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचला, म्हणजे ‘सिंगल माल्ट’ला, मी हाच न्याय लावतो. शौकीन मंडळी तिच्या जोडीला जॅझ लावतात, गझल लावतात. खुशाल लावोत! माझी आवड जुन्या वळणाची आहे. ज्या दरीतले पेय, त्याच दरीतली धून.

पहिला मान ग्लेनलिव्हेटचा. १८२३ साली नवा अबकारी कायदा झाला आणि दहा पौंडांच्या परवान्यावर उजळ माथ्याने भट्टी लावता येऊ लागली. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने परवाना काढला. चोरून दारू गाळणारे शेजारी त्यावर इतके खवळले की, बिचाऱ्याला जवळ पिस्तुले बाळगून फिरावे लागे! हा स्मिथ गॉर्डनच्या ड्यूकचे कूळ. त्याच ड्यूकच्या घराण्यात विल्यम मार्शल (१७४८–१८३३) नावाचा कारभारी होता आणि तो फिडलवर वाजवावयाच्या सुरेख गती रचीत असे. स्पे नदीच्या खोऱ्यावरून या गतींना ‘स्ट्रॅथस्पे’ म्हणतात. त्यांच्या चालीत एक ठसकेबाज हिसका असतो, आधी लघु आणि लगेच गुरू. ग्लेनलिव्हेटही तशीच, मधाच्या गोडीची, फळांच्या वासाची आणि पायाला ठेका धरावयास लावणारी.

दुसरी टॅलिस्कर, स्काय बेटावरची, १८३० सालापासूनची. मिऱ्याचा झटका, खारा वारा आणि मंद धूर. हिच्यासमोर त्याच बेटावरच्या मॅकक्रिमन घराण्याचे बॅगपाइपचे संगीत, ‘पीबरॉख’, हवे. ख्यालाच्या रसिकाला ते परके वाटू नये. वाद्याचे तीन नळे अखंड सूर धरून बसतात, जणू आपला तानपुराच. मूळ चालीला ‘उर्लर’, म्हणजे जमीन, असे नाव आहे. ती संथपणे मांडावयाची, तिच्यावर एकेक अलंकार चढवीत बोटांची करामत वाढवावयाची आणि शेवटी पुन्हा जमिनीवर उतरावयाचे. विद्या सारी मुखोद्गत. गुरूने अक्षरे गाऊन दाखवावयाची आणि शिष्याने ती पाइपवर उतरवावयाची. १७४६ साली कलोडनच्या रणात पराभव झाला, हायलँडमधल्या कुळप्रमुखांची सत्ता गेली आणि त्यांच्या आश्रयावर चाललेली मॅकक्रिमनांची पाठशाळाही पुढे बंद पडली. टॅलिस्कर पिताना मला हीच चुटपुट लागते. ती भट्टी १९६० साली आगीत सापडली, पण तांब्याची भांडी जुन्यांबरहुकूम घडवून १९६२ साली पुन्हा सुरू झाली. गुरूच्या गळ्याची अशी नक्कल कोणता तांबट घडवील?

तिसरी लफ्रॉइग, आयला बेटावरची, १८१५ सालची. पीटच्या धुरावर बार्ली सुकवतात. त्या धुरामुळे तिला थेट टिंक्चर आयोडीनचा वास येतो. पहिल्या घोटाला दवाखाना आठवतो, तिसऱ्याला समुद्र. हेब्रिडीज बेटांच्या या समुद्राने विशीतल्या मेंडेलसनला १८२९ साली भुरळ घातली. फिंगलची प्रसिद्ध गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशीच त्याने आपल्या ‘हेब्रिडीज’ या रचनेचे पहिले सूर पत्रात लिहून घरी धाडले! दुसऱ्या दिवशी बोट लागून तो बेजार झाला, ही गोष्ट निराळी. स्वरकार परदेशी, पण लाटा तिथल्याच, म्हणून ही जोडी मला मान्य आहे.

शेवटी पर्थशायरचा फिडलवादक नील गाउ (१७२७–१८०७). १७९९ साली धान्याचे पीक बुडाल्यामुळे बार्लीची व्हिस्की गाळण्यास बंदी झाली, तेव्हा त्याने ‘व्हिस्कीचा निरोप’ अशा अर्थाच्या नावाची गत रचली. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राचे नाव लावून उभा आहे आणि पेल्यासाठी परवाना आजही लागतो. तेव्हा तिची गोडी आपल्याला अधिक कळावी.

ही गत मात्र रिकाम्या पेल्यानेच ऐकावी. हातात काही नसताना धून पूर्ण वाटली, तर कान शाबूत आहेत असे समजावे. ती फिकी वाटू लागली, तर बाटली कपाटात ठेवून कुलूप लावावे. माझा शिरस्ता एका लहान पेल्याचा, वर चमचाभर पाणी. तो संपतो, पण पीबरॉख अजून जमिनीवर उतरावयाचा असतो. ते उतरणे ऐकावयास माणूस जागा हवा.