रात्रीचं पाजणं आणि आपलं रात्रिभोजन



गेल्या आठवड्यात माझी धाकटी जाऊ बाळाला घेऊन दोन दिवस आमच्याकडे पिरंगुटला राहायला आली होती. बाळ आठ महिन्यांचं. ती हिंजवडीत नोकरी करते, बाळंतपणाची रजा संपून दोन महिने झालेत. रात्री बाळ तीनदा उठलं, तीनही वेळा तिने पाजलं. सकाळी ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "ताई, हे रात्रीचं कधी बंद करू? ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तिने चौथ्या महिन्यातच बंद केलं. माझी आई म्हणते, दोन वर्षं पाज. आणि परवा मंदिरात एक काकू म्हणाल्या, जैनाचं मूल आहे, आत्तापासूनच रात्रीचं सोडायची सवय लाव."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण या बाबतीत मी माझ्या दोन मुलांच्या वेळी दोन्ही बाजूंनी चुकले आहे.

मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा डिसेंबर होता. घरातल्या मोठ्यांचं बोलणं मनावर घेऊन मी ठरवलं, सूर्यास्तानंतर पाजायचं नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. खरं सांगायचं तर मलाच त्याचा अभिमान वाटत होता. माझी लेक पाळण्यातच नियम पाळते, हे चार जणींत सांगायला मिळालं असतं. रात्री ती रडली की मी उकळून गार केलेलं पाणी चमच्याने द्यायचे आणि थोपटत बसायचे. पहिले काही दिवस ती खूप रडली, मग गप्प झाली. मला वाटलं, सवय लागली.

महिनाअखेरीला अंगणवाडीत वजन केलं तर ते आधीच्या महिन्याइतकंच. माता बाल संरक्षण कार्डावरची रेघ वर चढायची ती आडवी झाली होती. सेविकाताईंनी विचारलं, "रात्री पाजता ना?" मी "हो" म्हणाले. नियमासाठी केलेल्या गोष्टीवर मी खोटं बोलले. दोन दिवसांनी आशाताई घरी आल्या, त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मला रडू फुटलं. त्या रात्रीपासून परत पाजायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात रेघ वर गेली.

तेव्हा एक साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. आपल्या पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे १३ तासांची रात्र. जूनमध्ये तीच रात्र पावणेअकरा तासांची होते. मोठं माणूस ऋतूप्रमाणे स्वतःला बसवून घेतं. पाच महिन्यांचं पोट पंचांग बघत नाही.

मुलाच्या वेळी मी उलट टोकाला गेले. रडला की पाज, कुस बदलली की पाज, दीड वर्षाचा होईपर्यंत रात्री चार-पाच वेळा. वरून माझा स्वतःचा नियम असा की सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. पाजणारीला रात्री किती तहान लागते, हे ज्यांनी पाजलंय त्यांनाच कळेल. डोकं सतत ठणकायचं. एका पहाटे दूध गॅसवर ठेवून मी ओट्याला टेकून उभी असतानाच झोपले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच चालू. ह्यांची पहिली पाळी होती म्हणून ते उठले आणि त्यांना वास आला. नाहीतर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळते.

त्यानंतर मी स्वाध्यायात एकदा तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या पुन्हा वाचली. तिथे प्रमादाचा शब्द आधी येतो. बेसावधपणाने दुसऱ्याच्या प्राणाला इजा पोहोचते ती हिंसा. मुलीच्या वेळी मी नियमाच्या नादात बेसावध होते, मुलाच्या वेळी झोपेअभावी. म्हणून माझं मत असं झालं आहे: रात्रीचं पाजणं कधी बंद करायचं हे आधी बाळाच्या अंगाकडे पाहून ठरवावं, मग आईच्या अंगाकडे पाहून. आणि त्याला व्रताचं नाव देऊ नये.

आता काकूंच्या मुद्द्याकडे येते. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. बाळाला पहिल्यांदा देवदर्शनाला नेतात तेव्हा कानात णमोकार मंत्र सांगतात, अष्टमूलगुण देतात आणि आठ वर्षांचं होईपर्यंत ते पाळण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकतात. मग ही जबाबदारी पाजण्यालाही लागू नाही का?

मी यावर खूप विचार केला आहे. आपण रात्री जेवत नाही ते जीवदयेसाठी. दिव्यावर किडे येतात, चुलीत पडतात, अन्नात काय पडलं ते अंधारात दिसत नाही. आईच्या दुधाला चूल पेटवावी लागत नाही, दिवा लावावा लागत नाही, ताट वाढावं लागत नाही. दुसरी गोष्ट, आठ वर्षांची मर्यादा पूर्वजांनी घातली ती उगीच नाही. नियम समजून घ्यायचा असतो, आणि सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे कळावं लागतं. पाळण्यातल्या जिवाला भूक एवढंच कळतं. त्याने काही सोडलेलं नसतं, आपण त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.

तरीही आईवडिलांची जबाबदारी उरतेच आणि ती पाळण्याची सोपी जागा आहे. उष्टावण झाल्यावर स्वयंपाकघरातून बाळाच्या तोंडात जे जातं ते दिवसाउजेडी जावं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, नाचणीचं सत्त्व, दुधी, लाल भोपळा. आपल्या मुळशीचा आंबेमोहोर तुपाबरोबर मऊ शिजवला तर बाळं मिटक्या मारत खातात. बटाटा-गाजराशिवाय बाळाचं कसं होणार, असं विचारणाऱ्यांना एवढी यादी पुरे. मध तर आपण देतच नाही, आणि डॉक्टरही वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका म्हणून बजावतात. हे सगळं सूर्यास्ताच्या आत आणि रात्री अंगावरचं. माझ्या मुलाच्या वेळी हे व्यवस्थित जमलं आणि आज तो नऊ वर्षांचा आहे, रात्री जेवत नाही. त्याला कुणी पाळण्यात शिकवलं नव्हतं. घरात सगळे दिवसाच जेवतात हे बघून तो शिकला.

पाजणाऱ्या आईच्या स्वतःच्या नियमाबद्दलही बोलते. मला स्वतःला रात्री पाणी न पिण्याचा हट्ट नडला. पाजत असेपर्यंत पाण्याची छूट ठेवून नियम घ्या. नंतर पूर्ण पाळायला आयुष्य पडलं आहे. उपवासाचंही तसंच. पर्युषणात सगळ्या जणी उपवास करतात म्हणून तीन महिन्यांच्या बाळाच्या आईने निर्जळी उपवास करू नये, असं मला वाटतं.

आता अंगाकडे पाहायचं म्हणजे काय पाहायचं?

पहिले सहा महिने हा प्रश्नच विचारू नये. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते, पाणीसुद्धा नाही. मी चमच्याने पाजलेलं ते उकळलेलं पाणी मुलीच्या पोटात दुधाची जागा अडवत होतं. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, त्यातलं बरंचसं रात्री. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन आईच्या शरीरात रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीचे महिने रात्रीचं पाजणं तोडलं तर दिवसाचं दूधही आटू शकतं.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं, पण पहिले काही आठवडे ते चमचा-दोन चमचेच असतं. पोट अजून दुधावरच भरतं. म्हणून वय एवढंच न बघता बाळ दिवसा किती आणि काय खातं, वजन वाढतं आहे का, हे बघा. साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट वजन होतं. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून कार्डावरची रेघ बघा. रेघ चढती असेल, बाळ दिवसा नीट खातपीत असेल, तर नऊ महिने ते वर्ष या काळात रात्रीचं हळूहळू कमी करायला हरकत नाही. वजन कमी असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. आणि दोन वर्षं किंवा पुढेही पाजा असं आरोग्य संघटना म्हणते, त्याचा अर्थ दोन वर्षं रात्रभर पाजा असा होत नाही. दिवसा पाजणं चालू ठेवून रात्रीचं थांबवता येतं.

नोकरी करणाऱ्यांचं एक वेगळं आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हाच आई कामावर जाते. दिवसभर आई नाही, वाटी-चमच्याने बाळ पुरेसं पीत नाही, मग ते रात्री भरून काढतं. माझ्या जावेचं हेच होत होतं. तिला वाटत होतं की बाळाला वाईट सवय लागली. मी तिला विचारलं, दिवसा किती पितं? तर सासूबाई म्हणाल्या, वाटीतलं निम्मं सांडतं. आठ तास आई नसलेलं बाळ रात्री आई मागतं, याला सवय कसं म्हणायचं? बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या ठिकाणी पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराचीही. त्या सुट्टीत दूध काढून ठेवता येतं. मागायला लाजू नका.

आणि आईच्या अंगाकडे पाहणं म्हणजे तिच्या झोपेकडे पाहणं. बाळ वर्षाचं आहे, छान खातं आहे, आणि आई स्वयंपाक करताना पेंगते आहे, गाडी चालवताना डोळा लागतो आहे, उगीच रडू येतं आहे, तर तिने रात्रीचं बंद करायचं ठरवावं. त्यात तिने अपराधी वाटून घेऊ नये आणि आपणही "एवढ्यात?" म्हणून भुवया उंचावू नयेत. आमच्या काळी म्हणणाऱ्या बायकांच्या घरात रात्री बाळाला घ्यायला चार हात होते, हेही लक्षात ठेवावं.

बंद करायचं ठरलं तर एका रात्रीत तोडू नका. छाती दाटून गाठी होतात आणि बाळही बावरतं. दिवसाचं खाणं आधी वाढवा, झोपण्यापूर्वी शांतपणे पोटभर पाजा. मग एकच वेळ निवडा, शक्यतो पहिल्या झोपेनंतरची, आणि त्या वेळी पाजण्याची मिनिटं रोज थोडी कमी करत जा. त्या वेळी बाळाला बाबांनी घ्यावं, थोपटावं. आईचा वास आला की बाळ दूध मागणारच. चार-पाच दिवसांनी दुसऱ्या वेळेकडे वळा. ताप, दात, प्रवास, नोकरी नव्याने सुरू होणं, अशा दिवसांत सुरुवात करू नका. अंगावरचं सोडवायचं म्हणून रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, नवे दात किडतात.

आणखी एक, हळू आवाजात सांगायची गोष्ट. पाजत असताना दिवस राहत नाहीत, यावर विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच्या दुधावर, रात्रंदिवस पिणारं आणि आईची पाळी परत न आलेली, एवढं सगळं असेल तरच त्यात तथ्य आहे. रात्रीचं पाजणं कमी झालं की पाळी परत येऊ शकते, आणि पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात.

जाऊ जाताना तिचं ठरलं ते असं. तीनपैकी अकराची वेळ भाऊजी सांभाळणार, थोपटून झोपतो का बघणार. दोनची आणि पाचची ती पाजणार. ऑफिसात दूध काढायला जागा मागणार. सासूबाई वाटीऐवजी छोटा पेला वापरून बघणार आहेत. महिनाभराने वजन बघून पुढचं ठरवायचं.

आणि मंदिरातल्या काकूंना मी स्वतः भेटणार आहे. त्यांनी प्रेमानेच सांगितलं, हे मला माहीत आहे. माझ्या मुलीचं जुनं कार्ड मी जपून ठेवलंय. चौदसला जाताना ते पिशवीत घेऊन जाईन आणि ती आडवी रेघ त्यांना दाखवेन.