बांगड्याचे तापमान

सिंधुदुर्गात मालट्रकची तपासणीच होत नाही, असे ज्याला वाटते त्याने एखाद्या रात्री बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर उभे राहावे. गोव्याकडून आलेला ट्रक बाजूला घेतला जातो, ताडपत्री सुटते, फाळका पडतो आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसे हौद्यात शिरतात. वरचा माल बाजूला सारून, चोरकप्पा फोडून गोव्याची दारू बाहेर काढल्याच्या बातम्या जिल्ह्यातल्या वाचकाला पाठ आहेत. या माणसांच्या नजरेला खरोखर दाद द्यावी. फक्त त्याच ट्रकच्या केबिनमध्ये जो बसला आहे तो किती तासांपूर्वी झोपून उठला, हे कोणी विचारत नाही. तो कप्पा उघडाच असतो, म्हणूनही असेल.

नाके पुढेही लागतात. वाळू आणि जांभा चिरा असेल तर महसूलवाले रॉयल्टीचा पास मागतात. लाकूड असेल तर वनखाते. वस्तू व सेवा कराचे ई-वे बिल 2018 पासून आहेच. वजन जास्त भरले की आरटीओ. एवढी खाती एका ट्रकभोवती जमतात आणि प्रत्येकाचे डोळे हौद्यावर असतात. चालक आणि क्लीनर या दोन नगांचा पास अजून कोणत्याही खात्याने छापलेला नाही.

मालाची काळजी कोणत्या थराला जाते याचा उत्तम धडा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मासळीवाल्यांना 2018 साली मिळाला. जुलैत गोव्यात मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचा गहजब झाला, बाहेरच्या मासळीवर बंदी आली, आणि पुढे अट पडली की मासळी न्यायची तर गाडी इन्सुलेटेड हवी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी हवी. इकडच्या छोट्या व्यापाऱ्यांचे कंबरडे मोडले, आंदोलने झाली, दोन्ही राज्यांत शब्दाला शब्द लागला. अट चुकीची होती असे नाही. खाणाऱ्याच्या पोटात काय जाते हे बघायलाच हवे. पण गंमत पाहा. बांगड्याच्या पाठीला ऊन लागू नये म्हणून सरकार हलले. त्याच गाडीत पुढे बसून, इंजिनाच्या उष्णतेत मांड्या भाजत मडगाव गाठणाऱ्या माणसाचे तापमान किती असावे, याबद्दल त्या संबंध वादात एकही परिपत्रक निघाले नाही.

निघाले ते नंतर, दिल्लीहून. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. म्हणजे बांगड्याच्या मागोमाग सात वर्षांनी चालकाचा नंबर लागला. त्यातही बारीक अक्षर आहेच. ही सक्ती साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. मालवणच्या बंदरातून, सर्जेकोटातून, दांडीवरून मासळी उचलणारे पिकअप आणि छोटे हत्ती बहुतांशी त्या रेषेच्या आतले. त्यांच्या चालकाने काच खाली करावी. समुद्राचा वारा फुकट आहे.

कायदा नव्हता असेही नाही. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा वाचायला घेतला तर एखाद्या सुखी देशाचा वाटतो. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन फार तर दहा आणि 54. सलग पाच तासांच्या वर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. आठवड्याला एक सुट्टी. जिथे रात्री मुक्काम पडतो तिथे विश्रांतीची खोली. प्रथमोपचाराची पेटी, आणि हे सगळे बघायला निरीक्षक. एकच अडचण होती: पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू होता. आपल्याकडे गाडीमालक म्हणजे बहुधा एक गाडी, फार तर दोन, फायनान्सचा हप्ता आणि स्वतःच स्टिअरिंगवर. निरीक्षकाने यायचे तरी कुठे? मांगराच्या पडवीत?

आता तो कायदाही इतिहासजमा झाला. तेरा कायदे एकत्र करून 2020 मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली आणि ती 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली. तिच्यात पाचाचे दहा झाले आहेत. सात-आठ माणसांवर चालणारा एखादा ट्रान्सपोर्टवाला जुन्या जाळ्यात निदान सापडू शकत होता, नव्या जाळ्याचे आस त्याला आरामात बाहेर सोडतात. निरीक्षकाचेही बारसे झाले. त्याने आता तपासायचे आणि मालकाला सल्ला देऊन मदतही करायची. कुठे तपासणी करायची हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणार. यामुळे निरीक्षकाची मनमानी थांबेल, हे मान्य. पण संगणक चिठ्ठी काढणार ती नोंद असलेल्यांतून. ज्याचे नाव कोणत्याच मस्टरवर नाही, त्या क्लीनरची चिठ्ठी तिथे पडणार कशी?

आणि क्लीनरचे काम काय, तर फोंडा घाटात गाडी बंद पडली की उतारावर उडी टाकून चाकाखाली दगड लावायचा. बंदरावर, मासळीच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या उतरणीवर, अंधारात रिव्हर्स येणाऱ्या गाडीच्या मागे उभे राहून हात दाखवायचा. हंगामात देवगडचा हापूस संध्याकाळी भरून एका रात्रीत वाशीच्या बाजारात पोचवायचा, पेट्या उतरवायच्या आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरायचे, कारण दुसऱ्या बागेतली पेटी तयार असते. आठ तासांचा हिशेब या फेरीत कुठे बसवायचा, हे एखाद्या अभ्यासगटाने अवश्य शोधावे. एरवी या लोकांच्या जिवासाठी जिल्ह्यात नियमाने होणारे काम एकच: दसऱ्याला गाडीला हार, नारळ आणि गाऱ्हाणे. त्याला ‘व्हय म्हाराजा’ असे उत्तर तरी जागच्या जागी मिळते. सरकारी कचेरीत तेवढेही मिळत नाही.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वाहून नेते, आणि घाटवळणांतून चालकाला सुटका देणारी याहून चांगली सोय या पट्ट्यात दुसरी झाली नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. चढवण्याआधी ट्रकचे वजन होते, उंची मोजली जाते. चालक-क्लीनर मात्र वाघिणीवर उभ्या केलेल्या आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. 2025 च्या गणेशोत्सवात हीच सोय खासगी मोटारींना दिली, तेव्हा मोटारवाल्यांसाठी गाडीला प्रवासी डबे जोडले, वातानुकूलित डब्यासह. डबा जोडता येतो, हे यावरून सिद्ध झाले.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, चालकांचे डोळे तपासले जातात, ट्रकच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटतात, फोटो निघतात. चांगलेच आहे. पण उरलेल्या अकरा महिन्यांसाठी नवा कायदा, नवी समिती, नवा नाका यांपैकी काहीही लागत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 91 आहे. मालवाहू असो की प्रवासी, गाडी चालवणाऱ्याच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारे, तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला मालकाला भाग पाडण्याची सोय करणारे. सिंधुदुर्गनगरीतल्या परिवहन कार्यालयाने आणि कामगार खात्याने एकत्र बसून एवढेच करावे: इन्सुलीला, खारेपाटणला, घाटाच्या पायथ्याशी जेव्हा कधी ट्रक थांबवला जाईल, तेव्हा ताडपत्री सोडण्याआधी केबिनमध्ये डोकावून विचारावे, ‘कधीपासून चालवतोस?’ आणि उत्तर लिहून घ्यावे. महिनाभराच्या या नोंदी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवाव्यात आणि वर्तमानपत्रांनाही द्याव्यात. आम्ही त्या छापू.