एका कान्याचा फरक

धक्क्यावर दोर तुटला की पेटी पडते. मुकादम वहीत लिहितो 'पाडली'. एका कान्यानं आमची मजुरी कापली जाते. म्हणून हा काना मला चांगलाच कळतो.

कोळगावात आमच्या आळीतल्या एका वहिनीचं पाचव्या महिन्यात पाणी गेलं. थंडी वाजून ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी आत्ता रिकामी केली नाही तर बाई जाईल. केली. बाई वाचली. आठ दिवसांत नळावर सुरू, 'हिनं पोट पाडलं'. अगं बायांनो, ते आधीच पडत होतं! आणि जीव वाचवायला पाडलं म्हणा हवं तर, पण पापाचा हिशेब मागणारे तुम्ही कोण?

एका शिकलेल्यानं 'भ्रूणहत्या' म्हटलं. मनुस्मृतीत गर्भ मारणाऱ्याला ब्रह्महत्येचंच प्रायश्चित्त सांगितलंय. ते पुस्तक आपण 1927 साली महाडला जाळलं, त्याची जीभ अजून आपल्या नळावर वळवळतेय. त्याहून झोंबलं ते वेगळंच. आपल्यातलाच एक जाणता तिला पंचशीलातलं पहिलं शील ऐकवायला लागला. भटाच्या जागी आपला माणूस बसला, एवढंच.

बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार आयर्लंडात दातांची डॉक्टर होती. 2012 चा ऑक्टोबर, सतरावा आठवडा. गर्भ वाचणार नाही हे इस्पितळानंच सांगितलेलं. मोकळं करा म्हणाली, तर गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार. हा कॅथलिक देश आहे, हेही ऐकवलं. रक्तात विष पसरून 28 ऑक्टोबरला गेली. वय 31. तिथल्या लोकांनी ते कलम 2018 साली मतदानानं काढलं.

आपल्याकडे कायदा 1971 चा आहे. बाईचा जीव तातडीनं वाचवायचा असेल तर आठवडे मोजायचे नाहीत, एका डॉक्टरचं मत पुरतं. पण कायदा नळावर येत नाही. उद्या दुसरीला ताप भरला, तर ती या एका शब्दाच्या धाकानं घरातच पडून राहील.

बाबासाहेबांच्या पक्षाच्या रोहमांनी 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईच्या जिवाची, तिच्या मर्जीची बाजू त्यात होती. सभागृहानं तो पाडला. तिथं काना बरोबर बसतो.

दोस्तांनो, तुमच्या घरात कोण काय बोलतं ते आधी ऐका. वहिनी हल्ली पहाटे चारला पाणी भरते, नळावर कुणी नसताना.